वेशभूषेतून समाज वाचणारे आचार्य

मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे प्रमुख डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये हे नाव १९५१ साली देशभरातील अभ्यासकांच्या चांगल्याच परिचयाचे होते. जातिसंस्थेवरील त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध होऊन एकोणीस वर्षे झाली होती. आदिवासींच्या भवितव्याविषयीच्या त्यांच्या मतांनी आठ वर्षांपूर्वी मोठे वादळ उठविले होते. अशा प्राध्यापकाकडून जाती, कुटुंब, धर्म किंवा नव्या प्रजासत्ताकापुढील प्रश्न अशाच एखाद्या भारदस्त विषयाची अपेक्षा कोणीही केली असती. प्रत्यक्षात त्या वर्षी मुंबईच्या पॉप्युलर बुक डेपोने त्यांचे जे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले, त्याचा विषय होता भारतीय वेशभूषा! धोतर, उत्तरीय, पागोटे, चोळी, घागरा, अंगरखा यांचा शोध घेणारे आणि शिल्पे, चित्रे व छायाचित्रे यांनी भरलेले ते पुस्तक होते.

विद्वानाने फावल्या वेळात जोपासलेला छंद, अशी या पुस्तकाची संभावना करणे सोपे होते आणि काही प्रमाणात ती झालीही. परंतु आज फॅशन हा विद्यापीठीय अभ्यासाचा विषय झाला आहे. इतिहास, मानवशास्त्र, अर्थकारण, कला आणि स्त्री-अभ्यास अशा अनेक ज्ञानशाखा तेथे एकत्र येतात. या नव्या शाखेचे पूर्वज शोधताना अभ्यासक पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्ककडे बोट दाखवितात. मालवणात जन्मलेल्या एका संस्कृत पंडिताने हेच काम मुंबईच्या फोर्ट विभागात बसून केले होते, याची आठवण मात्र फारशी निघत नाही.

घुर्ये यांचा जन्म १२ डिसेंबर १८९३ रोजी मालवण येथे झाला. घराणे सारस्वत ब्राह्मणांचे. शिक्षणाच्या निमित्ताने हा मुलगा प्रथम मुंबईत गिरगावातील आर्यन शाळेत आणि नंतर थेट काठियावाडातील जुनागढ संस्थानात पोहोचला. तेथील बहादूर खानजी हायस्कूलमधून तो मॅट्रिक झाला आणि बहाउद्दीन कॉलेजात वर्षभर शिकला. कोकणातील पंचा-उपरणे आणि नऊवारी लुगडी पाहत वाढलेला मुलगा नबाबी राजवटीच्या गावात आला. तेथे भरवाडांच्या चुणीदार आंगड्या, काठी दरबारांची पागोटी, भरतकामाने मढलेले घागरे आणि मुसलमान अमीर-उमरावांचे पोशाख एकाच बाजारात त्याच्या दृष्टीस पडत असतील. या वैविध्याचा त्याच्या मनावर काहीच ठसा उमटला नसेल, असे मानणे कठीण आहे. माणूस कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा आणि कोणत्या धर्माचा, हे त्याने तोंड उघडण्यापूर्वीच त्याचे कपडे सांगत, असा तो काळ होता.

पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी संस्कृत हा विषय घेतला. बी. ए.ला भाऊ दाजी पारितोषिक आणि एम. ए.ला कुलपतींचे सुवर्णपदक त्यांनी मिळविले. संस्कृतचे प्राध्यापक म्हणून सुखाने आयुष्य काढता येईल अशी ही कामगिरी होती. वाट बदलली ती पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विद्वानामुळे. वनस्पतिशास्त्राकडून नगररचनेकडे आणि तेथून समाजशास्त्राकडे वळलेल्या गेडिस यांनी १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग सुरू केला. एका विषयाच्या कुंपणात राहणे त्यांना कधीच मानवले नाही. त्यांची व्याख्याने ऐकावयास येणाऱ्या तरुण घुर्ये यांच्यातील तेज त्यांनी हेरले. परदेशी उच्च शिक्षणासाठी विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९२० मध्ये घुर्ये इंग्लंडला गेले.

लंडनमध्ये प्राध्यापक हॉबहाउस यांच्याकडे त्यांचे मन फारसे रमले नाही. ते केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे गेले. रिव्हर्स हे मूळचे वैद्यक आणि मानसशास्त्राचे अभ्यासक. दक्षिण भारतातील तोडा जमातीवरील त्यांचा ग्रंथ तेव्हा गाजलेला होता. संस्कृतीतील वस्तू, चालीरीती आणि श्रद्धा एका भूभागातून दुसऱ्या भूभागात कशा प्रवास करतात, याचा माग काढण्याकडे त्या काळात त्यांचा कल होता. घुर्ये यांच्यावर या पद्धतीचा जो संस्कार झाला तो आयुष्यभर टिकला. जून १९२२ मध्ये रिव्हर्स यांचा आकस्मिक मृत्यू झाला आणि प्रबंधाचे उरलेले काम ए. सी. हॅडन यांच्या मार्गदर्शनाखाली पूर्ण करावे लागले. हा योगायोगही लक्षात घेण्याजोगा आहे. हॅडन यांनी न्यू गिनीतील नक्षीकामावर संशोधन केले होते. एखादी आकृती एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाताना कशी बदलते, याचा अभ्यास ते एखाद्या प्राण्याच्या उत्क्रांतीचा करावा तसा करीत. हाताने घडविलेली वस्तू हीदेखील ग्रंथाइतकीच विश्वासार्ह साक्षीदार असते, हा धडा संस्कृतच्या विद्यार्थ्याला केंब्रिजमध्ये मिळाला.

घुर्ये परदेशी असतानाच वस्त्र हा मायदेशी धगधगता राजकीय विषय झाला होता, हे येथे आठवले पाहिजे. ३१ जुलै १९२१ रोजी परळ येथे गांधीजींच्या उपस्थितीत विदेशी कपड्यांची प्रचंड होळी पेटली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मदुराईला गांधीजींनी पूर्ण पोशाखाचा त्याग करून पंचा स्वीकारला. कोणते वस्त्र अंगावर घ्यावे हा प्रश्न घराघरांत विचारला जात होता. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात मात्र त्याला जागा नव्हती.

परत आल्यावर १९२४ मध्ये घुर्ये यांची समाजशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून नेमणूक झाली. गेडिस निघून गेले होते आणि विभाग बंद पडण्याच्या बेतात होता. पुढची पस्तीस वर्षे घुर्ये यांनी तो चालविला, वाढविला आणि देशातील समाजशास्त्राचे मुख्य पीठ बनविला. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, ए. आर. देसाई, के. एम. कापडिया, आय. पी. देसाई, य. भा. दामले अशी त्यांच्या विद्यार्थ्यांची नावे नुसती उच्चारली तरी स्वातंत्र्योत्तर भारतीय समाजशास्त्राची अर्धी यादी पुरी होते. त्यांनी मार्गदर्शन केलेल्या प्रबंधांची संख्या ऐंशीच्या घरात जाते. गुरू म्हणून ते कडक होते. विद्यार्थ्याने काय अभ्यासावे हे बहुधा तेच ठरवीत आणि मतभेद त्यांना सहजासहजी रुचत नसत. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांपैकी काहींच्या मनात आदराबरोबर अढीही राहिली.

वेशभूषेकडे ते वळले ते एकाएकी नव्हे. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या जात आणि वंश यांवरील ग्रंथात जातिसंस्थेची लक्षणे सांगताना त्यांनी जातीजातींवर लादलेल्या निर्बंधांची जंत्री दिली आहे. अन्न, पाणी, रस्ता, विहीर, देऊळ यांच्या जोडीला तेथे कपडे आणि दागिने येतात. मलबारात ताडी काढणाऱ्या ईळव जातीच्या लोकांना छत्री धरण्यास, पायताण घालण्यास आणि सोन्याचे दागिने वापरण्यास मनाई होती. त्रावणकोर संस्थानात खालच्या समजल्या गेलेल्या जातींना कमरेवरचा देह उघडा ठेवावा लागे. त्यातील स्त्रियांनी ऊर झाकण्याच्या हक्कासाठी दीर्घ संघर्ष केला, तेव्हा १८५९ मध्ये आणि पुढे १८६५ मध्ये हे निर्बंध टप्प्याटप्प्याने उठले. महाराष्ट्रातील उदाहरणे शोधावयास फार लांब जावे लागत नाही. पेशव्यांच्या पुण्यात सोनारांनी ब्राह्मणी पद्धतीने धोतर नेसण्यावर आक्षेप घेतला गेला. १७७९ मध्ये तर मुंबईच्या कंपनी सरकारने सोनारांनी अभिवादनासाठी नमस्कार हा शब्द वापरू नये असा हुकूम काढला. धोतराच्या निऱ्या कशा काढाव्यात हा राज्यकारभाराचा विषय होता, यावर आजच्या वाचकाचा चटकन विश्वास बसणार नाही.

याच ठिकाणी घुर्ये यांनी जमविलेल्या सामग्रीचे मोल कळते. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग सिमेल यांनी १९०४ साली फॅशनविषयीचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. वरचा वर्ग एक वेश घेतो, खालचा वर्ग त्याचे अनुकरण करतो आणि अनुकरण झाले की वरचा वर्ग तो वेश टाकून नवा घेतो, असे फॅशनचे चक्र त्यांनी मांडले. त्यापूर्वी १८९९ मध्ये अमेरिकेत थॉर्स्टिन व्हेब्लेन यांनी श्रीमंतांच्या कपड्यांत संपत्तीचे प्रदर्शन पाहिले होते. हे सिद्धांत बर्लिन आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर तपासलेले होते. भारतात वरच्या जातीला आपला वेश टाकून नवा घेण्याची गरज पडत नसे. अनुकरण करणाऱ्याचाच वेश उतरविण्याची सोय धर्मशास्त्र, जातपंचायत आणि राजसत्ता यांनी करून ठेवली होती. युरोपातही मध्ययुगात कोणी कोणते कापड वापरावे याचे कायदे होते, पण ते हळूहळू गळून पडले. येथे मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत असे निर्बंध जिवंत होते. फॅशनचा सिद्धांत सर्व जगासाठी मांडावयाचा तर ही भारतीय बाजू टाळून चालणार नाही. सिमेल यांच्या निबंधाशेजारी घुर्ये यांची जंत्री ठेवली की ते स्पष्ट होते.

मग १९५१चा ग्रंथ आला. त्यातील पुरावा तीन-चार वेगवेगळ्या दालनांतून आणलेला आहे. पहिले दालन अर्थातच संस्कृत वाङ्मयाचे. वेदांतील वास, अधिवास आणि नीवि, अमरकोशातील अंतरीय, उत्तरीय, चोल, कंचुक आणि कूर्पासक अशा शब्दांचे नेमके अर्थ लावणे हे भाषापंडिताचे काम आहे. पण केवळ शब्द हाती असून भागत नाही. कूर्पासक म्हणजे बाहीची चोळी की बिनबाहीचे जाकीट, हे कोश सांगत नाही. त्यासाठी भारहूत आणि सांचीच्या तोरणांकडे, मथुरेच्या मूर्तींकडे, अजिंठ्याच्या भिंतींकडे आणि गुप्त राजांच्या नाण्यांकडे जावे लागते. शिल्पकाराने घडविलेला वेश खराच लोकांचा होता की संकेताने ठरलेला, हा प्रश्न पुन्हा उरतोच. तो सोडविण्यासाठी प्रवासवर्णने, लघुचित्रे आणि अखेरीस खेड्यापाड्यांतून प्रत्यक्ष वापरात असलेले कपडे यांची साक्ष काढावी लागते. कोशकार, पुरातत्त्वज्ञ, कलासमीक्षक आणि क्षेत्रीय पाहणी करणारा मानवशास्त्रज्ञ या चौघांची कामे एकाच माणसाने अंगावर घेतली होती. या मिश्रणाला आंतरविद्याशाखीय अभ्यास हे नाव तेव्हा आपल्याकडे रूढ नव्हते इतकेच.

अशा पद्धतीने काय हाती लागते याचे एक उदाहरण पुरेसे आहे. प्राचीन भारतीयांना शिवलेले कपडे ठाऊकच नव्हते, शिंपीकाम मुसलमानी अमलाबरोबर आले, अशी समजूत सुशिक्षितांतही दीर्घकाळ होती आणि अजूनही ती पुरती गेलेली नाही. परंतु अमरकोशात शिंप्यासाठी तुन्नवाय आणि सौचिक असे दोन शब्द आहेत. मथुरेजवळ सापडलेल्या कनिष्काच्या मस्तकहीन पुतळ्याच्या अंगावर लांब, घोळदार अंगरखा आणि पायांत जाडजूड बूट आहेत. ब्राह्मणी परंपरेचा अभिमान बाळगणारे गुप्त सम्राट नाण्यांवर कुशाण धाटणीचा कोट आणि विजार घालून उभे आहेत. अजिंठ्याच्या चित्रांत शिवलेल्या चोळ्या आणि झगे घातलेल्या दासी व सेवक दिसतात, तर त्यांचे राजे आणि राण्या बहुधा न शिवलेली तलम वस्त्रे ल्यालेली आढळतात. म्हणजे शिवलेले कापड होते, ते परकीयांबरोबर आले असेल, दरबारात आणि सैन्यात रुळलेही असेल. परंतु मंगल प्रसंगी अखंड, न कापलेले वस्त्रच शुद्ध, ही धारणा त्याच्या शेजारी टिकून राहिली. मराठी लग्नघरात आजही सोवळे नेसून होणारे विधी याच धारणेचा धागा पुढे चालवितात. पौर्वात्य समाज अचल आहे आणि त्यांना फॅशन ठाऊक नाही, या पाश्चात्त्य गृहीतकालाही अशा पुराव्याने तडा जातो. दोन हजार वर्षांत पागोट्याचे आकार, केसांच्या ठेवणी, नेसणीच्या तऱ्हा किती वेळा बदलल्या, हे शिल्पांच्या ओळीच दाखवून देतात.

या क्षेत्रात घुर्ये एकटे नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. विद्यापीठापासून पायी दहा मिनिटांच्या अंतरावर, त्या वेळच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात डॉ. मोतीचंद्र याच विषयावर काम करीत होते. मूळचे बनारसचे असलेल्या मोतीचंद्रांचा प्राचीन भारतीय वेशभूषेवरील हिंदी ग्रंथ त्याच सुमारास प्रसिद्ध झाला आणि तो आजही प्रमाण मानला जातो. दोघांच्या दृष्टीत फरक होता. मोतीचंद्र वस्त्राकडे कलेतिहासाच्या अंगाने पाहत. घुर्ये यांना वस्त्रामागचा समाज हवा होता. एका शहरात, एका मैलाच्या आत या विषयाचे दोन मोठे अभ्यासक असताना त्याचे स्वतंत्र अध्यासन किंवा अभ्यासक्रम मुंबईत उभा राहिला नाही, ही गोष्ट खटकल्याशिवाय राहत नाही.

घुर्ये मात्र वेशाचा पिच्छा सोडावयास तयार नव्हते. १९५३ मध्ये ल. ना. चापेकर यांच्या सहकार्याने त्यांनी भारतीय साधूंवर ग्रंथ लिहिला. भगवे वस्त्र, भस्म, तिलक, जटा, दंड यांवरून पंथोपपंथ ओळखण्याची कला हा त्या जगाचा पायाच आहे. संसाराचा त्याग केलेल्यांमध्येही वेशाचे नियम संसाऱ्यांपेक्षा काटेकोर असावेत, हा विरोधाभास समाजशास्त्रज्ञाला मोह घालणाराच होता. १९५८ मध्ये भरतनाट्य आणि त्याची वेशभूषा या विषयावर त्यांचे स्वतंत्र पुस्तक आले. देवदासींच्या परंपरेतून बाहेर काढून मध्यमवर्गाच्या रंगमंचावर आणलेल्या या नृत्याला १९३०च्या दशकानंतर नवे नाव आणि नवा पोशाख मिळाला होता. त्या वेशाचा प्राचीन शास्त्राशी आणि शिल्पांशी काय संबंध, या प्रश्नात नर्तकांइतकाच एका समाजशास्त्रज्ञालाही रस असावा, ही त्या काळी नवलाची बाब होती.

असे असूनही त्यांच्या ऐंशी प्रबंधांच्या परंपरेतून वेशभूषेची शाखा निघाली नाही. याची कारणे काही प्रमाणात काळात होती. १९५१ हे पहिल्या पंचवार्षिक योजनेचे वर्ष. जमीन, जाती, खेडे, कारखाना, मतदार हे विषय निकडीचे होते. कपड्यांवर संशोधन करू पाहणाऱ्या तरुणाला शिष्यवृत्ती कोण देणार? वस्त्र हा विषय वस्तुसंग्रहालये, गृहविज्ञानाची महाविद्यालये आणि हातमाग मंडळे यांच्यात वाटला गेला. एकाकडे जुनी वस्त्रे, दुसरीकडे शिवण आणि तिसऱ्याकडे विक्री, अशी ही वाटणी होती. मधला अर्थ शोधण्याचे काम कोणाकडेच राहिले नाही. १९५१च्या अखेरीस घुर्ये यांच्याच पुढाकाराने भारतीय समाजशास्त्र परिषद स्थापन झाली आणि पाठोपाठ तिचे नियतकालिक निघाले. विषयाचा संसार त्यांनी उभा केला, पण त्या घरात वेशभूषेची खोली काढली गेली नाही.

दुसरे कारण अधिक नाजूक आहे. घुर्ये यांचे सर्वांत ख्यातकीर्त शिष्य श्रीनिवास ऑक्सफर्डला रॅडक्लिफ-ब्राऊन यांच्याकडे गेले आणि तेथून वेगळी दृष्टी घेऊन परतले. ग्रंथांतील भारत आणि प्रत्यक्ष खेड्यातील भारत यांत अंतर आहे आणि समाजशास्त्रज्ञाने दुसऱ्यावर भिस्त ठेवावी, हा विचार पुढच्या पिढीत रुजला. प्राचीन ग्रंथांतून आणि शिल्पांतून आजच्या समाजाकडे येणारी घुर्ये यांची वाट जुनाट ठरली. गंमत अशी, की श्रीनिवास यांनी १९५२ साली कूर्ग समाजावरील ग्रंथातून मांडलेल्या संस्कृतीकरणाच्या कल्पनेत वेशाला महत्त्वाचे स्थान आहे. खालच्या जाती वर चढण्यासाठी वरच्या जातींचा आहार, विधी आणि पोशाख उचलतात, असे ती कल्पना सांगते. ज्या सामग्रीवर ती उभी राहिली तिचा बराचसा भाग घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईत केलेल्या प्रबंधातील होता. वस्त्र मागच्या दाराने समाजशास्त्रात शिरले, पण लक्षण म्हणून. अभ्यासाचा मुख्य विषय म्हणून नव्हे.

घुर्ये यांच्या दृष्टीच्या मर्यादाही लपविण्याचे कारण नाही. भारतीय संस्कृती ही एक सलग, मूलतः हिंदू धारा आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. आदिवासींना ते मागासलेले हिंदू मानीत आणि त्यांनी मुख्य समाजात मिसळून जावे असा त्यांचा आग्रह होता. या मुद्द्यावर व्हेरिअर एल्विन यांच्याशी झालेला त्यांचा वाद प्रसिद्ध आहे. ज्याचा वेश त्याची ओळख असतो, त्याच्यासाठी मिसळून जाणे म्हणजे काय गमावणे, हा प्रश्न त्यांना पुरेसा टोचला नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य स्त्रियांना पायघोळ लुगडी नेसण्याचा आणि जातीची खूण ठरलेले जड दागिने टाकून देण्याचा उपदेश केला. त्यानंतर त्या स्त्रियांनी नेसण बदललीही. विसाव्या शतकातील महाराष्ट्रात वेशाच्या इतिहासातील याहून मोठी घटना सांगता येणे कठीण आहे. घुर्ये यांच्या पद्धतीचे बळ शतकांच्या लांब पट्ट्यावरील वर्गीकरणात होते. एका विशिष्ट सकाळी आज काय नेसावे, असा विचार करणाऱ्या बाईच्या मनात डोकावण्याचे साधन त्या पद्धतीत नव्हते.

ते साधन घडले पुढे आणि दुसरीकडे. १९६५ मध्ये लंडनच्या कोर्टोल्ड संस्थेत स्टेला मेरी न्यूटन यांनी वेशभूषेच्या इतिहासाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. चित्रांतील कपड्यांवरून चित्राचा काळ ठरविण्याचे त्यांचे कसब हा त्याचा आधार होता. १९६७ मध्ये पॅरिसच्या रोलाँ बार्थ यांनी फॅशन मासिकांतील मजकूर भाषेसारखा उलगडून दाखविला. १९८५ मध्ये एलिझाबेथ विल्सन यांनी स्त्रीवादी अंगाने फॅशनचा विचार केला आणि १९९७ पासून या विषयाला वाहिलेले स्वतंत्र संशोधन नियतकालिक निघू लागले. भारतात दिल्लीची राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था १९८६ मध्ये आणि तिचे मुंबई केंद्र १९९५ मध्ये सुरू झाले, पण तिचा मूळ हेतू वस्त्रोद्योगाला तयार मनुष्यबळ पुरविण्याचा होता. १९९६ मध्ये एमा टार्लो या ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ विदुषीचा भारतीय वेश आणि अस्मिता यांवरील ग्रंथ आला तेव्हा या विषयाला पुन्हा समाजशास्त्रीय वजन मिळाले. कपडे ही निर्जीव वर्गवारी नसून ते घालणाऱ्याची रोजची निवड आहे, अशी भूमिका घेत त्यांनी आधीच्या वर्णनपर ग्रंथांच्या पुढे पाऊल टाकले. त्यांची पाहणी ज्या सौराष्ट्रातील खेड्यात झाली, त्याच मुलखात कुमारवयातील घुर्ये यांनी शाळेची वर्षे काढली होती.

१९५९ मध्ये घुर्ये निवृत्त झाले. विद्यापीठाने त्यांना सन्माननीय प्राध्यापकपद दिले आणि त्यांची लेखणी पूर्वीपेक्षा वेगाने चालू लागली. शहरे, देवदेवता, राजपूत वास्तुकला, शेक्सपिअर, वैदिक भारत, ईशान्येचा पेटता प्रश्न असे त्यांचे विषय पाहिले की गेडिस यांच्या शिष्याची ओळख पटते. एकूण ग्रंथसंख्या तीसच्या वर गेली. १९७३ मध्ये त्यांनी आत्मचरित्रही लिहिले. वेशभूषेवरील ग्रंथाची दुसरी आवृत्ती १९६६ मध्ये निघाली. त्याच वर्षी आम्रपाली हा हिंदी चित्रपट पडद्यावर आला. त्यासाठी मूळच्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी अजिंठ्याची चित्रे अभ्यासून पोशाख तयार केले होते. ग्रंथालयातील पुरावा आणि शिंप्याचे मशीन यांची भेट पडद्यावर झाली. विद्यापीठात ती व्हावयाची राहिली होती.

एप्रिल १९८३ मध्ये गांधी चित्रपटाच्या वेशभूषेसाठी भानू अथैया यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. त्याच वर्षी २८ डिसेंबरला, नव्वदी पूर्ण झाल्यानंतर अवघ्या सोळा दिवसांनी, डॉ. घुर्ये यांचे मुंबईत निधन झाले. त्यांच्या नावाने ओळखला जातो तो जातीवरचा ग्रंथ, आणि त्याच्या आवृत्त्या पुढेही निघत राहिल्या. वेशभूषेवरचा ग्रंथ जुन्या ग्रंथालयांतून शोधून काढावा लागतो.